भिंतीवरचे गायतोंडे

परवा वासुदेव गायतोंडेंच्या एका चित्राची छापील प्रत फ्रेम करून हॉलमध्ये लावली. फ्रेमसकट अठराशे रुपये. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "हे काय आहे?" मग लगेच, "केवढ्याला?"

लोकांचं काय चुकलं? २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं, तेव्हा हेडिंग आकड्याचंच होतं. हा माणूस १९२४ साली नागपुरात जन्मला, जे.जे.त शिकला, स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणं त्याला पटत नव्हतं, हे सगळं आकड्याखाली दबतं.

आता प्रतीबद्दल. रोलर नि पॅलेट नाइफने ते थरावर थर चढवायचे, काढायचे. छपाईत ते सगळं सपाट होतं, वर काचेत आमची ट्यूबलाइट दिसते! मूळ चित्र बघायचं तर मुंबई-दिल्ली गाठा. लाखभर वस्तीच्या आमच्या गावात सरकारी पैशाने कमानी उभ्या राहतात, कलादालन नाही.

वाचनालयाच्या वरची खोली रिकामी आहे, छत गळत नाही. मोठ्या संग्रहालयांनी वर्षातून पंधरा दिवस चार मूळ चित्रं तिथं पाठवावीत. विमा, पहारा लागेल, मान्य. अर्ज मी लिहितो, सह्या करायला कोण कोण येतंय?