खर्च कोणाचा, शब्द कोणाचा? यूजनेटमधील एका बंडाची गोष्ट

१/
७ मे १९८७. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावी ‘जी.टी.ज सनसेट बार्बेक्यू’ नावाच्या खाणावळीत तीन संगणकतज्ज्ञ एकत्र आले : ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट. एका मंडळाच्या कारभाराला ते विटले होते. हे मंडळ कोणी निवडलेले नव्हते, त्याला लिखित घटना नव्हती आणि त्याच्या सदस्यांना या कामाचा छदामही मिळत नव्हता. तरीही हजारो लोकांनी कोणत्या विषयावर कोठे बोलावे, हे तेच ठरवीत असे.

२/
हे सारे घडले ते यूजनेटवर. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली. एक संगणक मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावी, नवे संदेश देई-घेई. दुसरा ते तिसऱ्याकडे पोहोचवी. मध्यवर्ती केंद्र नव्हते आणि मालकही नव्हता.

३/
मालक नसला तरी फोनचे बिल होतेच. लांब पल्ल्याचे कॉल महाग होते आणि मोजक्याच संस्थांचे संगणक संदेशांचा मुख्य भार वाहत. या संगणकांची साखळी म्हणजे यूजनेटचा ‘कणा’. तो सांभाळणारे लोक आपापली नोकरी करून हे काम पाहत. बिल संस्थेच्या खात्यावर पडे आणि त्याचा जाब वरिष्ठांना त्यांनाच द्यावा लागे. रिक ॲडम्स हे व्हर्जिनियातील एका भूकंप-अभ्यास केंद्राच्या संगणकावरून ही वाहतूक चालवीत. जीन स्पॅफर्ड चर्चागटांची अधिकृत यादी राखीत. लोकांनी या मंडळींना नाव दिले ‘बॅकबोन कॅबल’. मराठीत म्हणायचे तर कण्याचा कंपू.

४/
कंपूपुढील अडचण खरी होती. गट भराभर वाढत होते. बहुतेकांची नावे ‘नेट’ या एकाच शब्दाने सुरू होत, त्यामुळे यादी आवरेनाशी झाली. त्यातच अटलांटिकपारच्या वाहतुकीचा खर्च सोसणाऱ्या युरोपीय संस्थांनी धर्म आणि वंश यांवरील अखंड भांडणांसाठी पैसे मोजण्यास नकार दिला.

५/
यातून १९८६-८७ मध्ये ‘ग्रेट रिनेमिंग’ घडले. सर्व गट सात शीर्षांखाली विभागले गेले : संगणकासाठी ‘कॉम्प’, विज्ञानासाठी ‘साय’, छंदांसाठी ‘रेक’, समाजासाठी ‘सॉक’, यूजनेटच्याच कारभारासाठी ‘न्यूज’, किरकोळ विषयांसाठी ‘मिस्क’ आणि वादावादीसाठी ‘टॉक’. वरवर पाहता हे कपाट आवरणे होते. पण ज्याला खर्च नको, त्याला आता अख्खे ‘टॉक’ एका फटक्यात वगळता येणार होते. शीर्ष ठरले की गट किती दूरवर पोहोचणार, हेही बऱ्याच अंशी ठरे.

६/
रीड पाककृतींचा एक गट संपादित करीत. नव्या रचनेत त्याला मिळणारी जागा त्यांना रुचली नाही. गिलमोर यांना मादक द्रव्यांवर चर्चा करणारा गट हवा होता. कंपू त्याला राजी नव्हता. ‘यंत्र आमचे, बिल आमचे, मग निर्णयही आमचा’ अशी कंपूची भूमिका. वाचणारे, लिहिणारे आणि उत्तरे देणारे यांच्याशिवाय त्या तारांना अर्थ काय, हा विरोधकांचा प्रश्न. दोन्ही बाजू फुकट राबणाऱ्यांच्या होत्या, म्हणूनच हा वाद इतका कडवट झाला. पगारी माणसाला जाब विचारता येतो. उपकार करणाऱ्याला कोणत्या तोंडाने विचारावा?

७/
खाणावळीतील तिघांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी आपले संगणक एकमेकांना जोडून कण्याला वळसा घालायचे ठरवले आणि ‘ऑल्ट’ हे नवे शीर्ष सुरू केले. तेथे गट काढण्यास कोणाची अनुमती लागणार नव्हती.

८/
या कथेतील सर्वांत बोलका क्षण वर्षभराने आला. ३ एप्रिल १९८८ रोजी रीड यांनी लैंगिकतेवरील गट सुरू केल्याचे जाहीर केले. मादक द्रव्यांचा गट ‘ऑल्ट’मध्ये आधीच होता, म्हणून कलात्मक पूर्ततेसाठी रॉक-अँड-रोलचाही काढला, असे त्यांनी मिश्कीलपणे लिहिले. पण पुढे असेही म्हटले की विक्षिप्तांनी त्याचा ताबा घेतला, तर आपण तो रद्द करू किंवा त्यावर नियंत्रक नेमू. कंपूविरुद्ध उठलेल्या माणसाच्या हाती वर्षभरात कंपूचीच कात्री आली होती.

९/
कंपू मात्र कोणी उलथवला नाही. १९८६ मध्ये आलेल्या एनएनटीपी या पद्धतीमुळे संदेश इंटरनेटवरून वाहू लागले, पर्यायी वाटा फुटल्या आणि कण्याची मक्तेदारी विरली. मुख्य शीर्षांखालील नव्या गटांसाठी ई-मेलने मतदान रूढ झाले : विरोधापेक्षा किमान १०० मते अधिक हवीत. तरी हा कौल बंधनकारक नव्हता. गट आपल्या संगणकावर ठेवायचा की नाही, हे शेवटी तेथील व्यवस्थापकच ठरवी.

१०/
याच रचनेतील ‘सॉक.कल्चर.इंडियन’ या गटात परदेशी शिकणारे भारतीय तावातावाने भांडत. पुढे ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा स्वतंत्र गट आला. रोमन लिपीत कशीबशी लिहिलेली मराठी तेथे उमटे. १९८७ च्या त्या फेरमांडणीत आखलेल्या ‘सॉक’ या कप्प्यातच तिलाही जागा मिळाली.

११/
‘ऑल्ट’च्या स्वातंत्र्याचीही किंमत होती. जेथे कोणीही गट काढू शके, तेथे तण उपटणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते. थट्टेखातर काढलेले आणि ओस पडलेले गट साचत गेले. उलट, तण उपटणाऱ्यांच्या वाट्याला शिव्या येत. १९९३ मध्ये जीन स्पॅफर्ड यांनी गटांच्या यादीचे काम सोडले. ज्यांनी त्यांना हुकूमशहा म्हटले, त्यांच्यापैकी कितीजण ती यादी एक महिना तरी सांभाळायला तयार झाले असते?

१२/
मे २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने आपला यूजनेट सर्व्हर बंद केला. जेथे हे जाळे जन्मले, तेथेच घटलेला वापर आणि वाढता खर्च पाहून ते आवरले गेले. तीस वर्षे जो प्रश्न भांडणांच्या मुळाशी होता, त्याचे ड्यूकमधील उत्तरही अखेर बिल भरणाऱ्यानेच दिले.