तापलेल्या इंजिनाचा ठोका

दिव्याचं रेल्वे फाटक बंद झालं की गाड्यांची रांग लागायची. लोक वैतागायचे, मला त्या रांगेत इंजिनं ऐकायला मिळायची. दिवा-शीळ रस्त्यावर मी गॅरेज टाकलं तेव्हा या भागात फियाट आणि पद्मिनी पुष्कळ होत्या. पंधरा मिनिटं उभ्या जागी चालू राहिलेली गाडी काही लपवू शकत नाही. तेल तापून पातळ होतं, त्याचा दाब उतरतो आणि सकाळी गप्प असलेलं रॉडचं बेअरिंग बोलायला लागतं.

"काका, ठकठक येतंय," एवढंच गिऱ्हाईक सांगतं. पुढचं आपण काढून घ्यायचं. थंड असताना वाजतं की गरम झाल्यावर? सपाटीला की चढावर? थंडपणी वाजून नंतर थांबलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते. ऐकायची सवय झाली की ती लगेच वेगळी पडते. मुंब्रा बायपासच्या चढावर पाय दाबताच डब्यात खडे हलवल्यासारखं वाजलं तर टायमिंग पुढे गेलंय किंवा हेडमध्ये कार्बन साचलाय. रॉडचा ठोका जड असतो. तिथे एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढल्यावर ठोका नरम पडेल, त्या सिलिंडरवर संशय.

एक फियाट ११००डी माझ्याकडे आली ती दोनदा इंजिन उघडून. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. बेअरिंगं दोन्ही वेळा नवी घातलेली, ठोका तसाच. मालकांच्या वडिलांची गाडी होती, विकवत नव्हती. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला. आवाज सगळीकडेच येत होता. लोखंडातून आवाज फिरतो, त्यामुळे जिथे ऐकू येतो तिथेच दोष असेल असं धरून चालत नाही. चारही वायरी काढून पाहिल्या, फरक पडेना. मग उस्तादांनी कुर्ल्यात शिकवलेली जुनी परीक्षा केली. इंजिन सावकाश चालू ठेवून चावी बंद केली आणि ते थांबायच्या बेतात असताना पुन्हा दिली. धप्प! एकच जड ठोका. पुन्हा केलं, पुन्हा धप्प. गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले होते.

ज्याने बेअरिंगं बदलली तो कामात कच्चा नव्हता. त्याने विचारायच्या आधी उघडलं, एवढंच. या धंद्यातली सर्वांत महाग चूक तीच, असं माझं मत आहे.

ही चूक मोटारीइतकीच जुनी. आपण गॅरेजवाले डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतो, ते अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंगच्या कंपनीचं नाव. तिची बॅटरी इग्निशन गाड्यांत आली आणि इंजिनात ठोके ऐकू आले की लोक तिलाच दोष देऊ लागले. केटरिंगने थॉमस मिजलीला कारण शोधायला लावलं. दोष इंधनात निघाला: ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण एकदम पेटत होतं. औषध म्हणून १९२१ साली त्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. ठोका गेला आणि शिसं जगभरच्या हवेत गेलं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. निदान अचूक होतं. उपाय मात्र घातक, आणि तो मी कधीच मोठेपणाने सांगणार नाही.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. घरगुती फियाट अजून कुठे कुठे जपलेल्या आहेत. तुमच्याकडे असेल आणि ती ठोकत असेल, तर मेकॅनिककडे नेण्याआधी जाड तेल भरून आवाज दाबू नका. आहे त्या तेलावर, अर्धा तास चालवून, तापलेली न्या. आणि त्याने ऐकायच्या आधीच पाना उचलला, तर त्याला थांबवा.