शिरपूर जैनला ऐकलेला शेवटचा सामना

अकोल्याहून शिरपूर जैनला जायचे तर पातूरचा घाट चढायचा, मेडशीवरून मालेगाव गाठायचे आणि तेथून रिसोडची गाडी धरायची. गाडी म्हणजे आपली एस.टी.; ती हुकली तर काळी-पिवळी आहेच. मालेगाव म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे नाशिककडचे यंत्रमागाचे गाव येईल, पण हे वाशिम जिल्ह्यातले. वाशिम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला. आमच्या कचेरीतील जुनी मंडळी अजूनही शिरपूरला 'आपल्याच जिल्ह्यातलं' म्हणतात.

शिरपूरचे नाव दूरवर आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. ती काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी जैन भाविकांची श्रद्धा. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांच्या वादात हे मंदिर 1981 पासून बंद होते. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला तेव्हा 2023 मध्ये ते उघडले. बाहेरगावच्या गाड्या त्यासाठीच येतात. आम्ही चौघे कारकून मात्र 2025 च्या एप्रिलमध्ये, भीमजयंतीनंतरच्या शनिवारी, मोठ्या रस्त्याने न जाता वस्तीकडे वळलो. आमच्या एका सोयऱ्याने फोनवर सांगितले होते, "म्हातारे दोघंही येऊन राह्यले. यंदा आले, पुढच्या साली येतील का नाई, काई सांगता येत नाई बापा."

हे दोघे म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे भीमगीतांचा सामना होत असे. एका बाजूला शाहिराची पार्टी, दुसऱ्या बाजूला गायिकेची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जबाब द्यायचा. रात्र सरायची, पण हार कोणी मानायचे नाही. तिकीट नसे, मांडवही बेताचाच. शेताची मजुरी करून आलेली माणसे पोरेबाळे घेऊन, गोधडी टाकून बसायची. बाबासाहेब कोण, त्यांनी काय केले, पाण्यासाठी महाडला काय घडले, नागपूरला 1956 मध्ये काय घेतले आणि काय सोडले, हे आमच्या आईबापांना पुस्तकातून कळलेले नाही. त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांना ते गाण्यातून कळले.

याची सुरुवात जलशाने झाली. 1930 च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला, देवादिकांची स्तुती आणि गौळण बाजूला सारली आणि तेथे शिक्षण, पाणी आणि माणुसकी आणून बसवली. पुढे वामनदादा कर्डक आले. ते 1922 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. मुंबईत आल्यावर, वाढत्या वयात अक्षर शिकले आणि 1943 पासून गाणी लिहू लागले ते 2004 मध्ये जाईपर्यंत. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आमच्या विदर्भाचे नागोराव पाटणकर ही त्यातलीच मोठी नावे. त्यांच्या कॅसेटी निघाल्या, त्यांना नाव मिळाले. पण एकेका मोठ्या नावामागे गावोगावचे किती गायक उभे होते, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. शिरपूरला आम्ही ऐकले ते दोघे त्या मोजदादीबाहेरचे.

बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे. पेटी वाजवतात, एका डोळ्याला कमी दिसते. बाई सत्तरीला टेकलेल्या, हाती खंजेरी. तीस वर्षे हे दोघे एकमेकांसमोर उभे राहून गायले. प्रत्येकाची पार्टी वेगळी, कोरस वेगळा, ढोलकीवाला वेगळा. आता दोन्हीकडचे लोक एकेक करून गेले. ढोलकीवर बाबांचा नातू, आणि कोरसच नाही. म्हणून हे दोन विरोधक एकाच सतरंजीवर बसून एकमेकांना जबाब देतात. बाई हसत म्हणाल्या, "आमी भांडाले तरी कोनासंगं भांडावं? हाच एक राह्यला."

सुरुवात काही बरी झाली नाही. मागच्या गल्लीत पोरांचा डीजे होता. नऊ वाजेपर्यंत बाबांचा माईक आणि तो डीजे यांचाच सामना चालला आणि त्यात बाबा हरत होते. पोरांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. ती नाचत होती तीही भीमगीतेच होती, आणि चाळीस अंशांच्या उन्हात मिरवणुकीचे पाणी वाटायला तीच पोरे धावली होती. पण छातीत धडधडणारा तो आवाज गाण्याचे शब्द खाऊन टाकतो, एवढे खरे.

दहा वाजले आणि कायद्याप्रमाणे डीजे बंद झाला. त्याच कायद्याने आमचाही माईक बंद झाला. आम्हाला वाटले, संपला कार्यक्रम. बाबांनी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "आता या जवळ. आमच्या जवानीत कुठं होतं भोंगं?" मग सतरंज्या सरकल्या. विहाराच्या ओट्याभोवती माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसली. डीजेवरची पाच-सात पोरेही येऊन भिंतीला टेकली.

आणि तो आवाज! वरची पट्टी गेलेली होती. जिथे पूर्वी तान घेतली असेल तिथे बाबा थांबत आणि शब्द नुसता बोलत. बाईंचा आवाज फाटका, पण तालाला इतका पक्का की खंजेरी थांबली तरी ताल थांबला नसता. रमाईच्या गाण्यात शेणाच्या गोवऱ्यांचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी तो शब्द तीनदा घेतला, तिन्ही वेळा वेगळा. पुढे बसलेल्या आजीबाईंनी आपले हात उलटे करून पाहिले. कोरसची उणीव राहिलीच नाही. ध्रुपद आले की मागच्या सगळ्या बायका उचलत होत्या, आणि कोणाला शब्द सांगावा लागत नव्हता.

आमच्यातील एकाच्या भाच्याने मागे मोबाईलवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे 'ब्लूज' दाखवले होते. तिथेही म्हातारा गायक, फाटका आवाज. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा जबाब द्यायचा. हे गाणे तिकडच्या दक्षिणेतल्या मळ्यांत, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी घडवले, आणि ते मळे कापसाचे. आम्ही वऱ्हाडची माणसे कापूस ऐकला की कान टवकारतो. 1861 ते 1865 या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा इकडच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपले आणि भाव पडला. वेचणारे हात तिकडचे काय अन् इकडचे काय, दोन्ही वेळा रिकामेच. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिकडचे विद्वान नेते डू बॉईस यांना पत्र लिहिले होते. तेव्हा ही सोयरीक आम्ही नव्याने जोडतो आहोत असे नाही.

मडी वॉटर्स नावाचा गायक मिसिसिपीतल्या एका मळ्यावर राबत होता. 1941 मध्ये अॅलन लोमॅक्स हे गृहस्थ सरकारी ग्रंथालयाच्या वतीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्याच्या झोपडीत गेले आणि त्याची गाणी भरून आणली. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला, कारखान्यात, ट्रकवर कामे केली आणि पुढे जगभर ऐकला गेला. सरकारी यंत्र झोपडीपर्यंत गेले, ही गोष्ट आम्हा कारकुनांच्या मनात घर करून राहिली आहे.

कारण मध्यंतरात चहा घेताना बाबांनी पिशवीतून एक फाईल काढली. मानधनाच्या अर्जाची. राज्य शासनाची वृद्ध कलावंतांसाठी जुनी योजना आहे. आता तिचे नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणीप्रमाणे रक्कम कमीजास्त मिळे. 2024 पासून सर्वांना महिन्याला 5,000 रुपये झाले. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. बाबांचा अर्ज एका कचेरीतून दोनदा परत आला होता. शेरा एकच: कलेचा पुरावा अपुरा. बाबा म्हणाले, "पुरावा मंजे कायचा देऊ साहेब? गाऊन दाखवू म्हटलं, तं थे म्हन्ते कागद आना."

आम्ही फाईल चाळली. एका पतसंस्थेच्या उद्घाटनाचे पत्रक, त्यात बाबांचे नाव चुकीचे छापलेले. सत्काराचा एक फोटो, पाठीमागे तारीख नाही. आणि एक वही, शंभर पानी, कडा वाळवीने खाल्लेल्या. तीत गाणी. निम्मी बाबांची, बाकी इतरांची, ज्यांचे आता कोणी नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफलेले. वामनदादाही हेच करीत. छापखाना नाही, कॅसेट नाही, मालकीहक्काची नोंद नाही. शेवटच्या कडव्यातले नाव हीच त्यांची सही. कचेरीत चालणारे पुरावे आम्ही वीस वर्षे हाताळतो आहोत. याहून पक्की सही आम्ही क्वचित पाहिली.

बारानंतर बाईंनी त्याच वहीतले एक गाणे घेतले. गाणे विहिरीचे, पाण्यासाठी भरलेल्या एका दिवसाचे. शेवटचे कडवे आले आणि त्यात शिरपूरच्याच एका सालदाराचे नाव निघाले. माणूस जाऊन बरीच वर्षे झाली असावीत. गर्दीत एक म्हातारी डोक्यावरचा पदर सावरून ताठ बसली. तिच्या शेजारच्या मुलीने आम्हाला हळूच सांगितले, "माह्या आजोबाचं नाव हाय." त्या मुलीला आजोबा गाणी लिहीत हेच ठाऊक नव्हते. बाईंनी ते कडवे पुन्हा घेतले, मग आणखी एकदा. बक्षिसाच्या दहा-वीसच्या नोटा पेटीवर पडत होत्या, पण त्या म्हातारीने नोट टाकली नाही. ती उठली, बाईंच्या पायाशी गेली आणि म्हणाली, "एक ओळ चुकली माय." आणि तिने ती ओळ म्हणून दाखवली. चालीसकट. बाबांनी नातवाला थांबवले, पेटीवर तो सूर शोधला, मग दोघींनी ते कडवे मिळून म्हटले. भिंतीला टेकलेल्या पोरांपैकी एकाने मोबाईल काढून ते भरून घेतले. दिव्यात आवाजच जास्त आला, चेहरे थोडे. पण आले.

पहाटे साडेतीनला कार्यक्रम उरकला. रिसोडहून येणारी पहिली गाडी सहाला होती. झोप कोणालाच नव्हती. विहाराच्या ओट्यावर बाबा वहीतले एकेक गाणे वाचून दाखवीत, बाई कवीचे गाव सांगत आणि आम्ही आळीपाळीने रेघी कागदावर उतरवून घेत होतो: गाण्याची पहिली ओळ, कवी, गाव, चाल कोणती, प्रथम कुठे गायले. त्या म्हातारीचा अंगठा आम्ही तिच्या नवऱ्याच्या गाण्याखाली साक्षीदार म्हणून घेतला. तिने सही करते म्हणून सांगितले, पण चष्मा घरी राहिला होता. गाडीचा भोंगा वाजेपर्यंत एकोणचाळीस गाणी झाली. वहीत आणखी बरीच होती. पोराने उरलेल्या पानांचे फोटो काढून पाठवतो असे कबूल केले, आणि मंगळवारी ते आले.