खिडकीतली रौनक

शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना आपल्याजवळ आणले, जेवणखाण, औषधपाणी सारे वेळेवर होते. तरी त्यांचे मन का रमत नाही? आमच्या घरातही हा प्रश्न होता. अब्बांच्या पश्चात अम्मी चिपळूणजवळच्या गावातून आमच्याकडे पनवेलला आल्या. गावी घरापुढे अंगण, मागे परसू, आळ्यात माठ, मिरची, वांगी. इथे तिसरा मजला आणि पूर्वेकडची एक खिडकी. आम्ही दोघे शिक्षक, सकाळी सातला बाहेर पडणार. लेक दुपारी येणार. "बसून खायचं, एवढंच काम राहिलं माझं," असे अम्मी म्हणत. त्यात तक्रारीचा सूर नसे, म्हणूनच ते जास्त लागे.

त्या सुमारास शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी एका वेलाचे चार तुकडे कागदात गुंडाळून दिले. पानावर रुपेरी पट्टे, पाठीमागून गर्द जांभळा रंग. नर्सरीत याला झेब्रिना म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रेडस्कँशिया झेब्रिना. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी जॉन ट्रेडस्कँट नावाचे बाप-लेक माळी होते, त्यांच्यावरून लिनियसने या कुळाला नाव दिले. अम्मींनी मात्र देठाची गाठ आणि तिला वेढून बसलेले पान पाहिले आणि म्हणाल्या, "हा तर आपल्या केन्याचा भाऊ!"

ते खरेच होते. पावसाळ्यात बांधावर उगवणारा, कोकणात ज्याची भाजी करतात तो केना आणि झेब्रिना हे एकाच कुटुंबातील. पुस्तक उघडण्याआधी अम्मींनी ते बोटांनी ओळखले होते. (झेब्रिना मात्र खायचा नाही. त्याच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज येते. मांजर असलेल्या घरी कुंडी उंच टांगावी.)

हा वेल जगवणे सोपे. भरगच्च आणि रंगीत ठेवणे हे हुनराचे काम. नवा वेल छान दिसतो, पण काही महिन्यांनी बुंध्याजवळची पाने वाळून गळतात. मग वर टक्कल आणि खाली लांबच लांब दोऱ्या. हा त्या वेलाचा स्वभावच आहे. त्यावर उपाय एकच, शेंडा खुडणे. शेंडा खुडला की खालच्या गाठींतून नवे फुटवे येतात. लाल माठ उभा वाढू न देता खुडत राहायचा, म्हणजे तो पसरतो, हे अम्मी जन्मभर करत आल्या होत्या. आम्ही जिवंत वेलाला कात्री लावायला कचरत होतो. त्यांनी नखाने टचकन् शेंडे खुडले आणि पाण्याच्या ग्लासात ठेवले. आठवड्याभरात गाठींना पांढरी मुळे फुटली.

आपण लावणार असाल तर अम्मींची पद्धत अशी. सहा इंची टांगती कुंडी, तळाला भोके. माती, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत समभाग. बोटभर लांबीचे आठ-दहा तुकडे घ्यावेत, खालचे पान काढून एक गाठ मातीत जाईल असे कुंडीभर खोचावेत. एक-दोन तुकड्यांनी कुंडी भरत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, कारण साचलेल्या पाण्याने देठ कुजतो. रंग मात्र उजेडाचा. सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास मिळाले की जांभळा रंग खुलतो. अंधाऱ्या कोपऱ्यात पाने हिरवट पडतात आणि देठ उजेडाच्या शोधात लांबतो. दुपारचे कडक ऊन पाने करपवते. बुंधा उघडा पडला की खुडलेले शेंडे त्याच कुंडीत वरून खोचावेत. उरलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नयेत. गाठ ओल्या मातीला लागली की वेल रुजतो आणि दुसऱ्या झाडांची जागा घेतो.

एकदा लेकीने वाचून दाखवले की केन्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव, कॉमेलिना, हेही लिनियसनेच दिले आहे. कॉमेलिन घराण्यातील दोघे वनस्पतींचे मोठे जाणकार होते. तिसरा काही कामगिरी करण्याआधीच वारला. म्हणून फुलातील दोन ठळक पाकळ्या त्या दोघांच्या आणि न दिसण्याजोगी लहान पाकळी तिसऱ्याची, असे त्याने लिहून ठेवले. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसरी नसती तर फूल पुरं झालं असतं का?" झेब्रिनाच्या इवल्या गुलाबी फुलाच्या तिन्ही पाकळ्या सारख्या असतात. ते फूल आले की त्या लेकीला हाक मारून दाखवतात.

आज आमच्या खिडकीत चार कुंड्या आहेत आणि इमारतीतील सहा घरांत अम्मींनी दिलेले तुकडे वाढत आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा वेल फिका पडला तेव्हा अम्मी स्वतः जिना उतरून गेल्या, कुंडी कपाटावरून उचलून खिडकीशी टांगून आल्या. तिथे चहाही झाला. आता शेजारणी आम्हाला नव्हे, त्यांना विचारायला येतात.

एका वेलाने परसाची भरपाई झाली, असे आम्ही म्हणणार नाही. गावाची ओढ आहे तशीच आहे. 'मला गावी सोडा' हे वाक्य पूर्वी आम्ही टाळत असू, कारण त्यात आमच्या सेवेचा नकार ऐकू येई. या वर्षी आम्ही शांतपणे बसून बोललो. पावसाचे दोन महिने अम्मी गावी राहतील, शेजारची भाची सोबतीला येईल; माठ पेरायचा आहे. वडीलधाऱ्यांची खिदमत म्हणजे त्यांच्या हातातील प्रत्येक काम काढून घेणे नव्हे, एवढे आमच्या ध्यानात आले आहे.

निघण्याची तयारी सुरू आहे. कपड्यांच्या आधी त्यांनी लेकीला कुंड्या सोपवल्या आहेत: बोट घालून माती पाहायची, रोज उगाच पाणी ओतायचे नाही, आणि शेंडे खुडायला घाबरायचे नाही.