सहावा उपाशी

आमच्या दारात जोंगा आहे. निसान पॅट्रोलवरून बेतलेली ही गाडी १९६९ ते १९९९ पर्यंत जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनत होती. इंजिन पेट्रोलचे, ३,९५६ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर. लिलावात निघालेल्या कितीतरी जोंगांना लोकांनी खर्चाच्या धास्तीने डिझेल इंजिने बसवली. अब्बांनी आमच्या गाडीचे मूळ इंजिन काढू दिले नाही. त्याचे सेटिंग ते कानाने करीत. आता त्यांना कमी ऐकू येते आणि कार्ब्युरेटरचा दांडा झिजून हवा ओढू लागला, तेव्हा काम आम्हा दोघा भावांवर आले.

कुणी म्हणे, लहान मोटारीचा कार्ब्युरेटर बसवा, पेट्रोल वाचेल. कुणी म्हणे, मोठ्यात मोठा आणा. आम्ही वहीत हिशेब मांडला. दोन फेऱ्यांत इंजिन एकदा छाती भरते. मिनिटाला ३,००० फेऱ्या धरल्या तर ५,९३४ लिटर हवा होते; छाती ८० टक्के भरते असे मानले, तर सुमारे ४,७५०. लहान कार्ब्युरेटर चढावर इंजिनाचा गळा आवळतो. फार मोठ्यात कमी वेगाला हवा मंदावते, पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत आणि रेस देताच गाडी अडखळते. आम्ही मधला निवडला.

आधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग पाहिले. इंजिन गरम झाल्यावर मिक्श्चर स्क्रू हलके आत नेऊन दीड फेरा उघडला आणि सुई स्थिर राहीपर्यंत फिरवला. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घेतला, रबरी नळ्याही बदलल्या.

तरी गाडी मिसिंग मारत होती. प्लग काढले. मधले तपकिरी, सहावा पांढराफटक. कार्ब्युरेटर मध्यभागी असतो, टोकाच्या सिलिंडरांना वाट लांब पडते, एवढे आम्हाला ठाऊक होते. जेट आणखी मोठा करावा, असे भाऊ म्हणाला.

अब्बा काठी टेकवत आले. इंजिनावर पंजा ठेवून त्यांनी एकेक प्लगची वायर काढायला सांगितली. पाच वेळा इंजिन थरथरून बसू लागले. सहावी काढली, काहीच फरक नाही.

“छटा भूका है रे,” अब्बा म्हणाले. “सब को ज़्यादा खिलाने से उसका पेट भरेगा क्या?”

मॅनिफोल्डच्या सहाव्या टोकाचे गॅस्केट फाटले होते, तिथून बाहेरची हवा शिरत होती. पंचवीस-तीस रुपयांचे गॅस्केट बदलले, बोल्ट सारखे आवळले. अब्बांनी पुन्हा पंजा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग भावाचा हात धरून त्याच जागी ठेवला.