केवडा

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. मुलीने राहुरीच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा घरातला भाषेचा वारसा संपला, अशी हळहळ आम्हांस वाटली. दिवाळीच्या सुट्टीत कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करताना तिने द्राक्षाची दोन पाने आमच्यापुढे ठेवली. पांढरी भुकटी असलेली भुरी. वर पिवळे तेलकट डाग आणि खाली पांढरी लव असलेला केवडा. केवडा म्हणजे सुगंध, एवढेच आम्हांस ठाऊक! गंधकाने भुरी आटोक्यात येते, केवडा नाही. ‘‘नाव चुकलं की फवारणी वाया जाते, बाबा.’’ चुकीच्या शब्दाला आम्ही आजवर फार तर अर्धा गुण कापला. तिच्या विद्येत त्याची किंमत शेतकरी मोजतो.