हळदीचे पंजे

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या जवळा बाजारला या. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे बाजाराचं गाव तेव्हा हळदीच्या वासानं भरलेलं असतं. शिजवलेली हळद अंगणात, छतावर वाळत पडलेली असते. त्याच वाळवणातून चालत एक पिल्लू आमच्या घरी आलं. एका जागी ठरेना, म्हणून नाव पडलं बिजली.

धाकटीला मांजर हवं होतं ते कुशीत घेऊन झोपायला. पण उचललं की बिजली निसटायची. एकदा ओरखडलीही. जखम साबणानं धुऊन धाकटीला दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं झाली. तरी हट्ट सुटेना. एका दुपारी मी शाळेतून आले, तर बिजली ओढणीनं खाटेच्या पायाला बांधलेली, ओरडून थकलेली.

"पळते ना, म्हणून बांधली," धाकटी म्हणाली.

मी तिला हदीसमधली ती बाई सांगितली, जिनं मांजराला कोंडलं. ना खायला दिलं, ना स्वतःचं शोधून खायला मोकळं सोडलं, आणि त्यापायी जी अजाबची धनी झाली. धाकटीनं मुकाट्यानं गाठ सोडली. बिजली जी गेली, ती दोन दिवस फिरकली नाही. पोर रात्री दाराशी वाटी ठेवून रडत बसायची.

तिसऱ्या दिवशी फजरला अम्मींच्या जानमाजवर पिवळे पंजे उमटलेले दिसले. बिजली परतली होती! अम्मी मात्र चिडल्या, "आता ही जानमाज पाक राहिली का?"

सुनेनं सासूला काय सांगावं? पण तो किस्साही सासरे-सुनेचाच आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी सुनेनं वजूचं पाणी ठेवलं होतं. मांजर प्यायला आलं, तर त्यांनी भांडं तिरपं करून त्याला पाजलं. सून बघतच राहिली. तेव्हा त्यांनी प्रेषितांचं (स.) म्हणणं सांगितलं, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. मूळ अरबी शब्द आहे 'तव्वाफीन', 'तवाफ' ज्या धातूपासून आला त्याच धातूचा.

अम्मींनी पंजे झटकले आणि नमाजला उभ्या राहिल्या. धाकटी म्हणाली, "म्हणजे ती फिरणारच?"

हो, फिरणारच. मांजराला पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीची हुक्की येते. म्हणून आता मगरिबनंतर धाकटी सुतळीला चिंधी बांधून दहा मिनिटं ओढत पळते. बिजली दबा धरते, झेपावते, चिंधी पकडते. मग लगेच तिला जेवण. खेळ, खाणं, अंग चाटणं आणि झोप, हा तिचा क्रम. उचलायचं नाही. बोट पुढे करायचं. तिनं गाल घासला तरच हात फिरवायचा. डोळे सावकाश मिटून उघडायचे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांचा 2020 चा अभ्यास सांगतो की माणसानं असं केलं तर मांजरही तसंच उत्तर देतं आणि जवळ येण्याची शक्यता वाढते.

बिजली आजही मांडीवर बसत नाही. पण धाकटी अभ्यासाला बसली की हातभर अंतरावर येऊन पसरते. धाकटी ते अंतर मिटवायला जात नाही. वहीवरून मान वर करते, डोळे सावकाश मिटते आणि पुन्हा लिहायला लागते.